आक्रसते रिंगण

खेळ ही समीक्षेच्या प्रांतातील वस्तू नव्हे, असा एक समज आपल्याकडील सुशिक्षित वर्गात रूढ आहे. काव्य, नाटक, कादंबरी यांचे गुणदोष तपासावेत, चित्रपटालाही आता फारशी कुरकुर न करता पंक्तीस घ्यावे. परंतु ज्याच्यापायी मुले रात्री जागवितात त्या मोबाइलवरील खेळाविषयी बोलावयाचे झाल्यास ते काम वैद्याने, पोलिसाने किंवा फार तर शाळेच्या मुख्याध्यापकाने करावे, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली आहे. या वाटणीचा परिणाम असा झाला की, ‘पबजी’ आणि ‘फ्री फायर’ या जातीच्या खेळांवर आपल्या घराघरांतून पुष्कळ बोलले गेले. पण त्या सगळ्या बोलण्यात खेळाची रचना काय, त्याचा आरंभ आणि शेवट कसा होतो, खेळणाराच्या मनात तो कोणता भाव जागा करतो आणि कोणता जागा होऊ देत नाही, हा विचार जवळजवळ आलाच नाही. व्यसन लागले, एवढेच आपण म्हणतो. कशाचे लागले, हे विचारीत नाही. एखाद्या नाट्यकृतीविषयी हा प्रश्न ज्या रीतीने विचारावा त्या रीतीने तो येथे विचारण्याचा मानस आहे.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. शंभर गडी एका विमानातून एका ओसाड बेटावर हवाई छत्रीने उतरतात, आणि सगळेच रिकाम्या हाताने उतरतात. बेटावरील घरांतून बंदुका, चिलखते, औषधे विखुरलेली असतात; ती जो आधी शोधील त्याची. थोड्या थोड्या वेळाने नकाशावर एक वर्तुळ उमटते. त्याच्या बाहेर जो राहील त्याचा प्राण हळूहळू क्षीण होत जातो, म्हणून सर्वांनाच आत धावावे लागते. वर्तुळ पुनःपुन्हा लहान होते, माणसे एकमेकांच्या टप्प्यात येतात, पडतात. आणि शेवटी एखाद्या अंगणाएवढ्या रिंगणात चारदोन गडी उरून त्यांतला एकटा, किंवा चौघांची एक टोळी, जिंकते. डाव सुमारे अर्ध्या तासाचा. समोरचे गडी हे आपल्यासारखेच कोठेतरी मोबाइल हातात धरून बसलेले जिवंत लोक आहेत, ही या खेळाची प्रतिज्ञा. ती कितपत पाळली जाते ते पुढे पाहू.

या कथानकाला एक वाङ्मयीन कुळ आहे. कोशुन ताकामी या जपानी लेखकाची ‘बॅटल रॉयल’ ही कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी, २००० साली, किंजी फुकासाकू याने तिच्यावर चित्रपट काढला. एका जुलमी राजवटीत शाळेच्या एका वर्गातील बेचाळीस मुलामुलींना एका बेटावर नेऊन सोडतात आणि एकच उरेपर्यंत एकमेकांस मारण्याचा हुकूम देतात, असा तिचा विषय आहे. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने दुसऱ्यांच्या युद्धखेळांत फेरफार करून याच कल्पनेवर एक खेळ बेतला. या चित्रपटाचे ऋण त्याने स्वतःच मान्य केलेले आहे. पुढे एका दक्षिण कोरियन कंपनीने त्याला बोलावून घेतले, २०१७ साली ‘पबजी’ संगणकावर आला, आणि २०१८ साली टेन्सेंट या चिनी कंपनीच्या हातून तो मोबाइलवर उतरून आपल्या घरांत शिरला.

मूळ कृती आणि तिच्यावरून घेतलेली कृती यांची तुलना करणे हे समीक्षकाचे जुने काम होय. या तुलनेत एक गोष्ट प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरते. ताकामीच्या कादंबरीत प्रकरण संपले की आता किती विद्यार्थी उरले याची नोंद येते. खेळातही पडद्याच्या कोपऱ्यात किती जण जिवंत आहेत याचा आकडा सतत दिसत असतो. आकडा तोच, पण कादंबरीत तो कमी झाला म्हणजे वाचकाच्या काळजात चर्र होते. जे मूल गेले त्याला नाव होते, बाकावरची एक जागा होती, कोणावर तरी त्याचे मन जडलेले होते, आणि हे सर्व लेखकाने ते मूल मरण्यापूर्वी आपल्याला सांगून ठेवलेले असते. खेळात तोच आकडा पन्नासावरून चाळीसावर आला की खेळणाराला हायसे वाटते. ज्या योजनेने कादंबरीत शोक उत्पन्न होत होता तीच योजना, केवळ नावे काढून घेताच, समाधान उत्पन्न करू लागली. ग्रीनने कादंबरीतले बेट घेतले, निषिद्ध टापूंची कल्पना घेऊन तिचे आक्रसणारे रिंगण केले, उरलेल्यांची मोजदाद घेतली. राजवट मात्र वगळली आणि मुलांची नावे वगळली. हुकूम देणारा कोणी उरला नाही, म्हणून संताप कोणावर करावयाचा हे उरले नाही. नाव उरले नाही, म्हणून रडावे कोणासाठी हेही उरले नाही.

हे वगळणे किती पद्धतशीर आहे ते बेटाकडे पाहिले म्हणजे कळते. ‘पबजी’च्या मूळ बेटाचे नाव एरँगेल, ग्रीनने ते आपल्या मुलीच्या नावावरून बेतलेले आहे. आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद असे हे बेट. त्यावर गावे आहेत, शेते आहेत, एक शाळा आहे, एक इस्पितळ आहे. परंतु शाळेत विद्यार्थी नाही, इस्पितळात रोगी नाही, गावात एकही म्हातारा, बाई किंवा मूल नाही. शाळेच्या इमारतीत पुष्कळ गडी मुद्दाम उतरतात, कारण तेथे शस्त्रे चांगली सापडतात आणि चकमक लवकर होते. बेट कलात्मक दृष्ट्या निर्जीव आहे, असे मात्र कोणी समजू नये. उतरत्या उन्हातील पिवळी शेते, टेकडीवरून दिसणारी रिकामी घरे, दुरून येणारा एखाद्या मोटारीचा आवाज यांत एक उदास सौंदर्य आहे, आणि खेळणाऱ्या मुलांना ते जाणवत नसेल असे मानण्याचे कारण नाही. पण ते सौंदर्य साक्षीदार नसलेल्या जागेचे आहे. गडी पडला की त्याच्या देहाच्या जागी एक पेटी उरते. पेटीत त्याने जमविलेले सामान असते. आणि ज्याने त्याला पाडले तो पेटी उघडून आपल्याला हवे ते उचलतो. मृत्यूचे इतके काटेकोर रूपांतर लाभात करणारी दुसरी कलाकृती प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर या खेळात भयानक आहे, वीर आहे, अद्भुतही थोडा आहे; करुण मात्र नाही. येथे सहजच महाभारताची आठवण होते. कुरुक्षेत्रावरही अठरा अक्षौहिणी सैन्य उतरले आणि उरले दहा जण: पांडवांच्या बाजूस पाच भाऊ, कृष्ण आणि सात्यकी, कौरवांच्या बाजूस कृप, कृतवर्मा आणि अश्वत्थामा. उरलेल्यांची मोजदाद व्यासांनीही केली. परंतु मोजदाद झाल्यावर ग्रंथ संपला नाही. त्यापुढे स्त्रीपर्व आले. रणभूमीवर गांधारी आली, सुना आल्या, आपापल्या माणसांची प्रेते त्यांनी ओळखली. त्याहीपुढे शांतिपर्व आले, आणि जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसला. आनंदवर्धनाने महाभारताचा मुख्य रस शांत ठरविला तो याच उत्तरभागाकडे पाहून. आपल्या खेळात जिंकलेल्याला पडद्यावर कोंबडीच्या जेवणाचे अभिनंदन वाचावयास मिळते. ते वाक्य मूळ अमेरिकन जुगाऱ्यांच्या बोलीतले. आणि त्याच पडद्यावरून तो पुढच्या डावाला निघतो. येथे स्त्रीपर्व नाही, शांतिपर्व नाही. अठरावा दिवस संपला की पुन्हा पहिला दिवस.

या खेळाच्या ओढीचे मूळ येथेच आहे, असे माझे म्हणणे आहे. भय जागे करावे आणि मग करुणेच्या वाटेने ते निचरून जाऊ द्यावे, ही शोकांतिकेची रीत. ॲरिस्टॉटलने भय आणि करुणा ही जोडी सांगितली ती उगीच नव्हे. नाटक पाहून प्रेक्षक जड मनाने पण मोकळा होऊन घरी येतो. त्याला लगेच दुसऱ्या प्रयोगाला बसावेसे वाटत नाही. या खेळात भय अर्धा तास चढत जाते, रिंगण आक्रसते तसा श्वास आखडतो, आणि शेवटी त्या भयाला निचरा होण्यास वाटच नसते. हरणाराचा डाव क्षणात तुटतो, जिंकणाराचाही क्षणात संपतो. भाव मात्र अर्धवट राहतो. अर्धवट राहिलेला भाव पुरा व्हावा म्हणून मन पुन्हा त्याच दाराशी जाते, आणि ते दार सदैव उघडे असते. याला भूक म्हणण्यापेक्षा न आलेली शिंक म्हणणे अधिक योग्य.

कोणी म्हणेल, एकच उरेपर्यंत खेळण्याची ही रीत काही नवी नाही. आपल्या मुलांच्या वाढदिवशी आपण संगीत खुर्ची खेळतोच. हा आक्षेप उत्तम आहे, कारण संगीत खुर्ची हा रचनेने हाच खेळ आहे. प्रत्येक फेरीला खुर्ची कमी होते, म्हणजे रिंगण आक्रसते, धक्काबुक्की होते, शेवटी एकच उरतो. तरी संगीत खुर्चीचे व्यसन लागलेला मुलगा कोणी पाहिला आहे काय? नाही, कारण जो बाद होतो तो नाहीसा होत नाही. तो भिंतीशी उभा राहून हसतो, टाळ्या पिटतो, पुढच्या बाद होणाराची वाट पाहतो, आणि खेळ संपल्यावर सगळे मिळून खाऊकडे वळतात. हुतूतूत तर ‘मेलेला’ गडी शेजारीच बसून राहतो आणि आपल्या बाजूने दुसऱ्या बाजूचा गडी मारला की ‘जिवंत’ होऊन परत येतो. मरण हा तेथे समाजातलाच एक मुक्काम आहे. पडद्यावरच्या खेळात नव्व्याण्णव जण एकामागून एक अंधारात जातात, आणि जिंकणाराला टाळी देण्यास, त्याची टोळी सोडली, तर त्या बेटावर कोणी उरलेले नसते.

रचनेइतकीच यातली योजकताही पाहण्यासारखी आहे. रॉजे कायवा या फ्रेंच पंडिताने १९५८ साली खेळांविषयी लिहिलेल्या ग्रंथात चार जाती सांगितल्या: चुरस, दैव, सोंग आणि भोवळ. बहुतेक खेळांत यांतल्या एकीचे किंवा दोहोंचे प्राधान्य असते. बुद्धिबळात चुरस आहे, दैव नाही. सोंगट्यांत दोन्ही आहेत. प्रस्तुत खेळात चारही एकवटल्या आहेत. विमानातून उडी घेण्यात भोवळ आहे, वेष धारण करण्यात सोंग आहे, नेमबाजीत चुरस आहे. आणि कोणत्या घरात कोणती बंदूक सापडेल, पुढचे वर्तुळ कोठे पडेल, हे सर्वस्वी दैवाधीन आहे. चुरस आणि दैव यांच्या या मिश्रणातून एक सोयीस्कर न्याय निघतो: जिंकलो तर माझे कौशल्य, हरलो तर वर्तुळ वाईट पडले. बुद्धिबळात हरलेल्याला स्वतःच्या चुकीशी समोरासमोर उभे राहावे लागते. येथे ती पाळी टळते. त्यात डाव संपताच पडदा सांगतो की, शंभरांत तुमचा क्रमांक सातवा. शाळेत शंभरांत सातवा आलेल्याच्या घरी पेढे वाटतात. येथे सातवा म्हणजे मेलेला. पण आकडा पेढ्यांचाच असल्यामुळे, अजून सहाच जणांचे अंतर होते, पुढच्या खेपेस निश्चित, अशी आशा मनात उगवते.

दैवाने मधूनच दिलेले दान नेमाने मिळणाऱ्या दानापेक्षा अधिक बांधून ठेवते, हे मानसशास्त्राने प्रयोगांनी दाखविले आहे. फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ सालच्या ग्रंथात कबुतरांवरील जे प्रयोग नमूद आहेत त्यांत असे दिसते की, ठराविक चोची मारल्यावर दाणा मिळत असेल तर दाणा मिळाल्यावर पक्षी थोडा थांबतो. पण किती चोचींनंतर दाणा मिळेल याचा नेम नसेल, तर तो न थांबता चोच मारीत राहतो. हे शास्त्र पश्चिमेकडचे असले तरी अनुभव आपल्याकडे फार जुना आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील दुसऱ्या अंकात हरलेला संवाहक धनकोंना चुकविण्यासाठी एका रिकाम्या देवळात शिरतो आणि देवाची मूर्ती होऊन स्तब्ध उभा राहतो. पाठलाग करणारे धूर्त असतात. ते त्याला हात न लावता त्याच्यासमोरच फासे टाकू लागतात. फाशांचा खुळखुळाट ऐकून मूर्तीचे चित्त चळते, आणि अखेर न राहवून ती मूर्ती आपला डाव मागण्यासाठी पुढे होते! या प्रसंगावर आजवर प्रेक्षक हसत आले. परंतु मुलाच्या उशाशी ठेवलेला मोबाइल, त्यावर मित्रांचे येणारे बोलावणे, आणि अभ्यासाला मूर्तीसारखा बसलेला मुलगा यांचे चित्र शूद्रकाने किती नेमके काढून ठेवले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते हसू ओसरते.

संवाहकाला खेळविणारे धूर्त दोनच होते. येथे मोठमोठ्या कंपन्या आहेत. खेळ फुकट मिळतो; विकले जातात ते पोशाख, बंदुकांवरचे रंग आणि मानाची पदे मिळविण्याचे परवाने. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. काही महिन्यांचा एक हंगाम ठरविलेला असून तो संपला की चढून गेलेल्याला पुष्कळ खाली आणून पुन्हा चढावयास लावतात. परवाना विकत घेतला की त्याबरोबर रोजची आणि आठवड्याची कामे येतात, आणि ती मुदतीत केली नाहीत तर पैसे वाया गेले असे वाटू लागते. शिवाय नवख्या खेळणाराच्या डावात कित्येक गडी यंत्रानेच चालविलेले असतात. ते नेम चुकवितात आणि सहज मरतात. पूर्वीच्या अड्ड्यांवर नव्या सावजाला पहिले दोनचार डाव जिंकू देत, असे म्हणतात. जिवंत माणसांशी झुंज ही जी प्रतिज्ञा वर सांगितली तिचा अर्थ एवढाच. पैशाची पैज नाही म्हणून कायदा याला जुगार म्हणत नाही, आणि ते कायद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण पैज पैशाचीच असते असे थोडेच आहे! येथे पटावर वेळ लावलेला असतो, आणि तो मात्र प्रत्येक डावात हरावाच लागतो.

एवढे दोष सांगितल्यावर गुणाची बाजू झाकून ठेवणे हा अप्रामाणिकपणा होईल. चौघांची टोळी करून खेळणाऱ्या मुलांचे बोलणे ज्याने लक्ष देऊन ऐकले आहे त्याला त्यात शिवीगाळीबरोबर सख्यही ऐकू येते. एकाने दुसऱ्याला औषध द्यावे, जखमी गड्याला गोळीबारात जाऊन उठवावे, स्वतः मागे राहून तिघांना वर्तुळात पोहोचू द्यावे, हे तेथे घडते. आणि घरातील नित्याच्या कलहाचे एक कारण या सख्यातच आहे. पान वाढले म्हणून आई हाक मारते, मुलगा उठत नाही, आणि उद्धटपणाचा पहिला पुरावा जमा होतो. परंतु हा डाव मध्येच थांबविता येत नाही. जो उठेल तो तीन मित्रांना टाकून उठतो. एकनिष्ठेचे एक मूल्य दुसऱ्या मूल्याशी भांडत असते आणि घराला ते निव्वळ अवज्ञेसारखे दिसते. अर्थात कंपनीलाही हे ठाऊक आहे. मैत्रीचा असा साखळदंड म्हणून उपयोग करणे, हा या खेळावरचा माझ्या मते सर्वांत गंभीर आरोप होय.

आपला समाज मात्र आरोप वेगळाच करतो. खेळात गोळ्या झाडून मुले खुनी बनतील, अशी भीती वर्तमानपत्रांतून वारंवार व्यक्त होते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संस्थेने २०२० साली पुन्हा स्पष्ट केले की, हिंसक खेळांमुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. ओरडणे, ढकलणे अशा किरकोळ आक्रमकतेशीच त्यांचा थोडाफार संबंध दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पण त्या विकाराची लक्षणे पाहिली तर त्यांत बंदुकीचा उल्लेख नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही ती लक्षणे. तीही साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात. असा विकार खेळणारांपैकी थोड्यांनाच होतो, हे संघटना स्वतःच सांगते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू झालेले आहे. ज्याची शाळा सुटली, झोप गेली, जेवणखाण बिघडले, त्याला तेथील किंवा तत्सम वैद्याकडे नेणे हे कर्तव्यच होय. तेथे समीक्षकाचे काम नाही.

बंदीचा इतिहास तर उद्बोधक आहे. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी संबंधांच्या ॲपांबरोबर त्यालाही बंद केले. कारण दिले ते देशाच्या सुरक्षिततेचे, मुलांच्या व्यसनाचे नव्हे. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नव्या नावाने आणि त्याच एरँगेल बेटासह परत आला. २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला. २०२३ च्या मेमध्ये, अल्पवयीनांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घेऊन, पुन्हा आला. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत असे खेळ बंद केले होते. तो नियम २०२२ च्या आरंभी रद्द झाला. चीनने २०२१ साली अल्पवयीनांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवस यांच्या संध्याकाळी एकच तास मोकळा ठेवला. या सर्व उपायांनी खेळाचे नाव, वेळ किंवा मालक यांना हात घातला. त्याच्या रचनेला कोणीच घातला नाही. वेळेची मर्यादा उपयोगी नाही असे मी म्हणत नाही. घरात ती असावीच. पण अर्धवट राहिलेला भाव मर्यादेच्या आत पुरा होत नाही, तो उद्याच्या वेळेची वाट पाहत बसतो.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्याला गैरसोयीचा आहे. आक्रसत्या रिंगणाची ही कल्पना आपल्या मुलांना इतकी ओळखीची का वाटावी? काही लाख अर्ज आणि काही शे जागा अशा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून तरुणांची उमेदीची वर्षे जातात. तेथेही वर्तुळ वर्षावर्षाला लहान होते. तेथेही शेजारचा एक उमेदवार गळाला की उरलेल्याला, बोलून न दाखविता, थोडे हायसे वाटते. तेथेही गळलेल्यांसाठी स्त्रीपर्व नाही, ते पेटी बांधून गावी जातात. ‘टिकून राहा’ हा मंत्र मुलाच्या कानी प्रथम खेळाने सांगितलेला नाही. तो आपणच सांगितला. उलट खेळात निदान सगळे रिकाम्या हाताने उतरतात, बापाची इस्टेट किंवा गावातली शाळा कोणाच्या पाठीशी नसते, आणि कोणी कोठून गोळी झाडली ते मेल्यावर तरी कळते. अर्ध्या तासात मिळणारा हा न्याय काही तरुणांना बाहेरच्या न्यायापेक्षा स्वच्छ वाटत असेल, तर त्यांची समजूत घालणे वाटते तितके सोपे नाही.

मग कृती म्हणून या खेळाची योग्यता काय ठरवावी? कल्पना भेदक, रचना विलक्षण घट्ट, योजकता निष्ठुर आणि रसदृष्ट्या अपूर्ण, असा माझा निर्णय आहे. अपूर्ण कृती प्रेक्षकाला पुरी करावी लागते, आणि तेथे घराला काही करता येण्यासारखे आहे. डाव चालू असता ओढून उठविण्यापेक्षा दोन डावांच्या मधल्या फटीत हाक मारावी, हा व्यवहाराचा भाग झाला. परंतु उठल्यावर मुलाला ‘झाले का एकदाचे?’ असे न विचारता ‘डाव कसा झाला?’ असे विचारून पाहावे. तो प्रथम बिचकेल, मग सांगू लागेल: कोठे उतरलो, काय सापडले, कोणामुळे वाचलो, कोणाला मागे टाकून आलो. सांगताना नावे येतील. जो आकडा होता त्याचा पुन्हा मित्र होईल. सांगितलेल्या गोष्टीला शेवट असावा लागतो, आणि जो शेवट खेळाने दिला नाही तो सांगणाराला स्वतः शोधावा लागतो. व्यासांनीही युद्ध दाखविले नाही, युद्धाची गोष्ट संजयाकडून सांगविली. ऐकणारा आंधळा होता, पण शेवटपर्यंत बसून होता. आपल्या घरांत सांगणारे पुष्कळ आहेत. ऐकणारे तेवढे बसले पाहिजेत.